ट्यूडरांचा पाडवा

२ मार्च २०२५, रविवार, सकाळी नऊ वाजून बेचाळीस मिनिटे. ही नोंद माझी नाही. टोकियोच्या निशी-कसाई भागातल्या एका प्रसूती रुग्णालयाच्या सुईणबाईंची आहे. एरवी मी आकडे इतरांवर सोपवत नाही, परंतु त्या क्षणी मी निरीक्षक नव्हते, नमुना होते. मुलगी झाली. वजन दोन हजार आठशे साठ ग्रॅम, आवाज त्या मानाने बराच मोठा. नवरा रडला. मी विचारले, "किती वाजले?" सुईणबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवले आणि या बाईला शुद्ध आहे की नाही, हे तपासण्यासाठी माझे नाव विचारले.

चौथ्या दिवशी, मधोमध भोक असलेल्या उशीवर बसून मी मिसो सूप पीत असताना ईमेल आला. टोकियोतल्या एका विद्यापीठात जीवसांख्यिकीच्या कायम अध्यापकाची जागा होती, आणि तिच्यासाठी मी हिवाळ्यात अर्ज केला होता. माझी तेव्हाची नोकरी कराराची होती. तो करार पुढच्या मार्चअखेर संपणार होता आणि त्यापुढे त्याचे नूतनीकरण नियमानेच बंद होते. कायम जागा वर्षानुवर्षे निघत नाहीत. ही निघाली होती. निवड समितीने पंचवीस मार्चला 'मोगी ज्युग्यो' घेण्याचे ठरवले होते, म्हणजे नमुन्याचा तास: समोर विद्यार्थी नसतात, प्राध्यापक विद्यार्थी असल्याचे सोंग घेऊन बसतात आणि उमेदवार आपण घाबरलो नसल्याचे. तास प्रत्यक्ष येऊन घ्यावा लागेल, 'तत्त्वतः', असे पत्रात म्हटले होते. जपानी कार्यालयीन भाषेत 'तत्त्वतः' या शब्दाचा अर्थ 'कोणत्याही परिस्थितीत' असा आहे.

बाळंतपणाचे मी त्यांना कळवले नाही. कळवले असते तर त्यांनी अत्यंत सौजन्याने अभिनंदन केले असते आणि तितक्याच सौजन्याने पुढच्या उमेदवाराकडे वळले असते, अशी माझी अटकळ होती. तिला पुरावा नव्हता. पण प्रयोग करून पाहण्याइतका नमुनाही माझ्याकडे नव्हता: उमेदवार एक, संधी एक. मी उत्तर पाठवले की उपस्थित राहीन.

ते पाठवताना मी सासूबाईंचा विचार केला नव्हता. पद्धतीतली ही ढोबळ चूक होती.

पहिले बाळंतपण माहेरी, हा नियम माझ्या आईच्या गुडघ्यांनी मोडला. तिच्या दोन्ही शस्त्रक्रिया फेब्रुवारीत झाल्या, म्हणून नाशिकहून सासूबाई आल्या. विमानाने परवानगी दिलेले सगळे वजन त्यांनी डिंक, अहळीव, खारीक, सुंठ, बाळंतशेपा आणि ओवा यांत खर्च केले होते. स्वतःच्या साड्या हातातल्या पिशवीत होत्या. त्या एका विमा कार्यालयातून अधिकारी म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि जवळजवळ सगळी नोकरी त्यांनी मृत्यूदावे तपासण्यात घालवली होती. त्यामुळे मरणाविषयी त्या फार निर्मळपणे बोलत. कोण गेले यापेक्षा केव्हा गेले यात त्यांना अधिक रस असे, कारण दावा नेहमी तारखेवर अडतो.

त्यांचे नियम सुस्पष्ट होते. खिडक्या बंद, कान बांधलेले, गार पाण्याला हात नाही, डोळ्यांना ताण नाही म्हणून लॅपटॉप नाही, आणि सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही. आमच्या सदनिकेला उंबरा नव्हता. त्यांनी चपला काढायच्या पायरीला उंबऱ्याचा दर्जा दिला. पहिल्याच दिवशी त्यांनी ओवा-शेपाची धुरी केली, तेव्हा छतावरच्या यंत्रातून एक बाई जपानीत ओरडू लागली की आग लागली आहे. सासूबाईंनी वर पाहून तिला मराठीत सांगितले, "नाही लागली." पुढच्या सगळ्या धुऱ्या बाल्कनीत झाल्या.

मी दाद मागण्याची शक्यता पडताळून पाहिली. रुग्णालयाने दिलेल्या सूचनांतही पहिला महिना आईने विश्रांती घ्यावी आणि एक महिन्याच्या तपासणीपर्यंत बाळाला घराबाहेर नेऊ नये, असेच होते. जपान देश अधिकृतपणे माझ्या सासूच्या बाजूने होता.

मुलाखतीचे मी घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सांगितले.

"पंचवीस तारखेला? म्हणजे सव्वा महिना व्हायच्या आत?"

"हो."

"मग कळव त्यांना. पुढच्या महिन्यात ठेवा म्हणावं."

"आई, तो काही लग्नाचा मुहूर्त नाहीये."

"मुहूर्त असता तर पुढचा काढता आला असता. तुझं शरीर कुठून दुसरं काढणार?"

"मला ही नोकरी हवी आहे."

"मग जिवंत राहा. नोकरी जिवंत माणसांना देतात."

नवऱ्याने तटस्थ राष्ट्राची भूमिका घेतली आणि तो कचरा खाली ठेवायला निघून गेला. त्या दिवशी कचऱ्याचा वार नव्हता.

तासाचा विषय समितीने दिला होता: पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना, विश्वासार्ह दिसणारी माहिती कशी तपासावी ते शिकवा. उदाहरण म्हणून मी इंग्लंडचे ट्यूडर राजघराणे निवडले होते. त्यामागे वाङ्मयीन प्रेम नव्हते. आजच्या माणसांच्या जन्ममृत्यूंची माहिती वापरायची तर नीतिसमितीची परवानगी लागते, आणि ती मिळेपर्यंत त्यांतली काही माणसे एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जातात. मेलेल्या राजांची संमती घ्यावी लागत नाही. शिवाय त्यांचे जन्म, विवाह, मृत्यू आणि शिरच्छेद कोणीतरी सतत लिहून ठेवत होते. या घराण्याइतकी टिपली गेलेली आणि इतकी बेशिस्त माहिती मला दुसरीकडे मिळाली नसती. जन्ममृत्यूंचा तक्ता मी बाळंतपणाआधीच करून ठेवला होता. आता फक्त तासाची तालीम करायची होती. लॅपटॉपला बंदी होती, बोलण्याला नव्हती. मी मुलीला पाजताना तालीम करू लागले. श्रोता एकच होता आणि तो मध्येच झोपत असे. प्राध्यापकांसमोर बोलण्याची ती उत्तम पूर्वतयारी होती.

दुसरा श्रोता स्वयंपाकघरात होता, हे मला तिसऱ्या दिवशी कळले.

"चौदाशे पंच्याऐंशी," मी मुलीला सांगत होते. "बावीस ऑगस्टला लढाई झाली, जुना राजा मारला गेला, आणि जिंकलेल्या पहिल्या ट्यूडरने जाहीर केलं की आपली राजवट एकवीस ऑगस्टपासून सुरू झाली."

अहळिवाच्या खिरीतला डाव थांबला. "एक दिवस आधीपासून? ते का?"

"म्हणजे लढाईच्या दिवशी राजा तोच ठरतो. मग समोरून लढलेले सगळे राजद्रोही. त्यांच्या जमिनी जप्त करता येतात."

"मागच्या तारखेची पॉलिसी!" सासूबाई तुच्छतेने म्हणाल्या आणि डावासकट बाहेर आल्या. "आमच्या एका एजंटाने केलं होतं. माणूस मेला सोमवारी आणि पॉलिसी निघाली शनिवारची. बरोब्बर पकडला मी."

"याला कोणी पकडलं नाही, आई."

"राजा झाला ना तो. एजंट राहिला असता तर पकडला असता."

त्यानंतर त्या रोज सकाळी माझ्यासमोर डिंकाचा लाडू ठेवून, समोरच्या खुर्चीत बसून, चष्मा पुसत विचारू लागल्या, "हं. आज कोण मेलं?"

मी सांगत असे. सहा लग्ने करणारा राजा त्यांना विशेष आवडला नाही. "एकीलाही धड नांदवली नाही मेल्यानं" एवढ्यावर त्यांनी त्याची फाइल बंद केली. त्याच्या राणी झालेल्या मोठ्या मुलीची हकीकत मात्र त्यांनी दोनदा ऐकली. ती बाळंतपणासाठी अंधाऱ्या दालनात गेली, जन्माची पत्रे तारखेची जागा मोकळी ठेवून तयार झाली, मुलगा झाल्याच्या अफवेवर लंडनमध्ये घंटाही वाजल्या, आणि गर्भ मुळात नव्हताच. "कोरे दाखले सही करून ठेवू नयेत," सासूबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने भांडी पुसताना त्या पुन्हा म्हणाल्या, "बिचारी."

खरी करमणूक पहिल्या ट्यूडरच्या घरात होती. त्याचे लग्न अठरा जानेवारीला झाले आणि पहिला मुलगा त्याच वर्षी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. सासूबाईंनी बोटांच्या पेरांवर मोजले. मग खिडकीकडे पाहिले. ती बंद होती.

"आठ."

"हो."

"आठव्या महिन्यातलं झालं असेल."

"तेही असंच म्हणाले."

"म्हणणारच."

या राजाच्या आईने सुनेच्या बाळंतपणाचे नियम घालून दिले होते, असे सांगतात. हे मी मुद्दाम राखून ठेवले होते आणि योग्य वेळी, म्हणजे माझे कान बांधले जात असताना, सांगितले. राणीने बाळंत होण्याआधी आपल्या दालनात जावे. भिंती, छत, खिडक्या सगळ्यांवर जाड पडदे. उजेडासाठी एकच खिडकी मोकळी. पडद्यांवर माणसांची चित्रे नसावीत, न जाणो बाई दचकेल. पुरुषांना मज्जाव. पाचशे वर्षांपूर्वीची एक सासू आणि तिचे जाचक नियम: उपरोध मला पुरेसा स्पष्ट वाटत होता.

सासूबाईंनी गाठ मारता मारता विचार केला. "एक खिडकी मोकळी का ठेवली? वारा येत नव्हता का?"

मी हरले. तरीही पुढचे सांगून टाकले: ही सासू स्वतः तेराव्या वर्षी बाळंत झाली होती. नवरा त्याआधीच साथीत मेलेला. तिला पुन्हा मूल झाले नाही.

"तेराव्या?"

"हो."

 त्यांनी माझ्या कानांवरची गाठ थोडी सैल केली आणि त्या आत गेल्या.

वीस मार्चला वसंतसंपाताची सुट्टी होती. नवरा घरी होता, म्हणून मुलगी त्याच्या मांडीवर देऊन मी लॅपटॉपची संचारबंदी तासाभरासाठी उठवून घेतली. अट अशी होती की पडदा सासूबाई बघतील आणि मी फक्त बोलेन. त्यांनी चष्मा लावला, तक्त्यावर बोट ठेवले आणि मी थोरल्या राजपुत्राच्या मृत्यूची गोष्ट सांगू लागले. दोन एप्रिल पंधराशे दोन. मुलगा पंधरा वर्षांचा. बातमी आली तेव्हा राणीने राजाला धीर दिला, की आपण अजून तरुण आहोत, आपल्याला आणखी मुले होतील. मग ती आपल्या दालनात गेली आणि तिथे तिचा धीर सुटला. तेव्हा राजा धावत गेला आणि त्याने तिचे सांत्वन केले.

"हा दावा नामंजूर," सासूबाई म्हणाल्या.

"का?"

"ही बाई अकरा फेब्रुवारी पंधराशे दोनला मेली असं तूच इथे लिहिलंयस. फेब्रुवारीत मेलेली बाई एप्रिलमध्ये नवऱ्याला धीर कसा देते?"

मी पडद्याकडे पाहिले. बंदी असूनही पाहिले. तक्ता तारखांप्रमाणे नीट लावलेला होता. आधी राणी मरत होती, मग तिचा मुलगा, आणि मग मेलेली राणी राजाची समजूत काढत होती. माहिती कशी तपासावी, या विषयावरच्या तासाचा हा माझा मुख्य तक्ता होता. तो घेऊन मी पाच दिवसांनी सहा प्राध्यापकांसमोर उभी राहणार होते. कायम नोकरी हातची घालवण्याचा याहून शिस्तबद्ध मार्ग मला आजही सुचत नाही.

टंकनाची चूक असेल म्हणून मी मूळ नोंदीची छापील प्रत पाहिली. तिथे पंधराशे दोनच होते. मग एक अलीकडचा ग्रंथ पाहिला. तिथे पंधराशे तीन होते.

"सरासरी काढ," नवरा म्हणाला.

"तू मुलीकडे बघ," आम्ही दोघी म्हणालो.

सासूबाईंचे निदान तयार होते: कोणीतरी पैशासाठी तारीख फिरवली. मी लेखनिकाची चूक मानत होते. आम्ही दोघीही आपापल्या खात्यातूनच विचार करत होतो आणि दोघीही चुकत होतो. चहाची वेळ झाली, तशा त्या मुलाकडे वळल्या आणि वेगळ्याच विषयावर त्याला झापू लागल्या. पाडवा दहा दिवसांवर आला होता आणि घरात गुढीला काठी नव्हती. तो म्हणाला, बाल्कनीतली कपडे वाळत घालायची काठी चालेल. मग कडुनिंबाचा प्रश्न निघाला. निशी-कसाईतल्या भारतीय दुकानात कढीपत्ता होता, कडुनिंब नव्हता.

"साल बदलणार आणि घरात कडुनिंबाचं एक पान नाही!"

"आई, साल जानेवारीतच बदललं."

"ते तुमच्या ऑफिसचं. आपलं अजून फाल्गुनातच आहे. पाडवा होईपर्यंत जुनंच साल."

मी चहाचा कप खाली ठेवला.

माघ आणि फाल्गुन वर्षाच्या शेवटी येतात, हे मला अक्षरओळख होण्याआधीपासून ठाऊक होते. तरी दोन पदव्या आणि एक डॉक्टरेट घेऊन मी संगणकाला सांगितले होते की वर्ष जानेवारीत सुरू होते, आणि त्याने निमूटपणे ऐकले होते. त्या ग्रंथाची प्रस्तावना मी वगळली होती. ती आता उघडली. त्या काळच्या इंग्लंडमध्ये कागदोपत्री वर्ष बदलत असे पंचवीस मार्चला. त्यांच्या पंधराशे दोनमध्ये एप्रिल आधी होता आणि फेब्रुवारी नंतर. नोंद बरोबर होती, लेखनिक बरोबर होता. वेंधळी मी होते.

"आई, त्यांचा पाडवा पंचवीस मार्चला."

सासूबाईंनी तक्ता पुन्हा पाहिला, पेरांवर महिने मोजले आणि चष्मा काढला. "मग मंजूर," त्या म्हणाल्या. लगेच त्यांचे बोट त्याच ओळीवर परत आले. "म्हणजे मुलगा गेला एप्रिलमध्ये. आणि ही गेली पुढच्या फेब्रुवारीत."

"हो. मुलगा गेल्यावर काही आठवड्यांतच तिला दिवस राहिले. दोन फेब्रुवारीला मुलगी झाली आणि नवव्या दिवशी राणी गेली. त्या दिवशी तिचा सदतिसावा वाढदिवस होता."

"मुलगी?"

"तीही."

"ताप आला असेल."

"बहुधा."

चुकीच्या क्रमात ते दोन सुटे मृत्यू होते. बरोबर क्रमात एकाच्या पोटातून दुसरा निघत होता. वारसाची जागा रिकामी झाली, ती भरायला राणी गेली. तासासाठी हा मुद्दा उत्कृष्ट होता आणि मी मनातल्या मनात त्याचे वाक्य जुळवत होते. सासूबाई उठल्या, थर्मामीटर घेऊन आल्या आणि न विचारता माझ्या काखेत लावला. ३६.७. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ हेच सुरू झाले. मोजणे त्यांच्याकडे आणि लिहिणे माझ्याकडे, अशी वाटणी आपोआप झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आज कोण मेलं, असे विचारले नाही. पेज ढवळत त्या म्हणाल्या, "त्या राणीजवळ कोण होतं?"

"राजाने दूरच्या परगण्यातला वैद्य आणायला माणूस पाठवला होता."

"वैद्य नव्हे. तिची सासू कुठे होती?"

"ते नक्की माहीत नाही. पण शोकात कोणी कोणता पोशाख करायचा याचेही नियम तिनेच घालून दिले, असं सांगतात."

"नियम लिहायला वेळ होता म्हणजे." पेज उतू जायला आली होती, त्यांनी गॅस बारीक केला. "माझ्या टेबलावर असे दावे यायचे. बाईचं वय बावीस, चोवीस. अर्ज नवऱ्याचा. मी मोठी खडूस होते गं, चांगल्या चांगल्यांचे दावे अडवायचे. पण यांच्यात अडवायला काही नसायचं. तारखा सगळ्या बरोबर असायच्या."

 मुलगी रडली असती तर बरे झाले असते, पण ती नेमकी झोपली होती.

"मंगळवारी सकाळी ताप सदतीसच्या आत असेल, तर जायचं," त्या म्हणाल्या. "मी येते बरोबर."

"आणि बाळ?"

"तिला बाप आहे."

तटस्थ राष्ट्राने हातातला चमचा खाली ठेवला. "मी? एकटा? किती तास?"

"तू सहा तासांचा असताना तुझे वडील तुला धरून बसले होते," सासूबाई म्हणाल्या. "आणि त्यांना तर काहीच येत नव्हतं."

पंचवीस मार्च. सकाळी ३६.८. फ्रीजमध्ये काढून ठेवलेल्या दुधाच्या बाटल्या, आणि त्यांवर नवऱ्याने चिकटवलेल्या वेळा. सासूबाई इरकल साडी, पायांत बूट, एका हातात खिरीचा थर्मास आणि दुसऱ्या हातातल्या पिशवीत ती भोकाची उशी, अशा निघाल्या. माझ्या काळ्या सुटावर कान बांधलेले होते. तोझाई लाइनच्या मेट्रोत गर्दी होती. सासूबाईंनी माझ्या पर्सच्या तळातून गरोदर बायकांनी लावायचा गुलाबी बिल्ला शोधून काढला आणि माझ्या खांद्यावरच्या पट्ट्याला अडकवला.

"आई, मी आता गरोदर नाहीये. ही खोटी माहिती झाली."

"मागच्या तारखेची आहे. एकवीस ऑगस्ट समज आणि बस."

एका तरुणाने लगेच उठून जागा दिली. मी बसले. उशीवर.

विद्यापीठाच्या दारात त्यांनी माझे कान सोडले, जणू शाळेच्या फाटकापाशी मुलीची रिबीन सारखी करावी. मग कॉरिडॉरमधल्या बाकावर थर्मास आणि उशी घेऊन त्या बसल्या. कार्यालयातल्या माणसाने त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांनी बसल्या बसल्या हात जोडले.

मी आत चुकीचाच तक्ता दाखवला. समितीतल्या सहा जणांना विद्यार्थी समजून विचारले, यात गैर काय आहे? जपानी वर्गाप्रमाणेच कोणी तोंड उघडले नाही. विद्यार्थ्यांचे सोंग त्यांना उत्तम जमले होते. मग मी मेलेल्या राणीला राजाचे सांत्वन करायला लावले. कोपऱ्यातले एक वयस्कर प्राध्यापक गालात हसले. मी क्रम सुरळीत केला आणि सांगितले की तारीख ही तथ्य नसते, तथ्याला लावलेली पट्टी असते. पट्टीचा शून्य कुठे आहे हे आधी विचारावे. आज पंचवीस मार्च; त्या लोकांच्या हिशेबाने वर्ष आज सकाळी बदलले.

"हे आमच्या मुलांना दूरचे वाटणार नाही का?" अध्यक्षांनी विचारले.

"एक एप्रिलला जन्मलेले मूल आणि दोन एप्रिलला जन्मलेले मूल तुमच्याकडे एका इयत्तेत बसत नाही," मी म्हणाले. "एकाच आठवड्यातली दोन बाळे, आणि शाळेच्या दृष्टीने वर्षभराचे अंतर. या खोलीतल्या कोणाला जानेवारीवर फार विश्वास असेल असे मला वाटत नाही."

"मी एक एप्रिलचा आहे," कोपऱ्यातले प्राध्यापक म्हणाले. "सहा वर्षे वर्गात सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत बुटका होतो." आता सगळेच हसले.

मग समितीतल्या एकमेव बाईंनी विचारले, "ही चूक तुम्हाला सापडली कशी?"

'तपासणीत' असे एक सुरक्षित उत्तर उपलब्ध होते. मी ते निवडले नाही. का, हे मी त्या वेळी ठरवले नव्हते. तासाचा विषय प्रामाणिक माहिती हा होता आणि बाहेर बाकावर थर्मास घेऊन एक बाई बसली होती, एवढेच.

"मला नाही सापडली. माझ्या सासूबाईंनी ती नामंजूर केली."

"त्या इतिहासाच्या अभ्यासक आहेत?"

"नाही. त्या विम्याचे मृत्यूदावे तपासत असत. बाहेर बसल्या आहेत."

"बाहेर? का?"

"मला तेवीस दिवसांपूर्वी मुलगी झाली. त्या माझा ताप मोजायला आल्या आहेत."

सहाही जणांनी आपापल्या कागदांकडे पाहिले. मग अध्यक्षांनी अत्यंत सौजन्याने अभिनंदन केले. बाकीचेही वाकले. माझी अटकळ इथपर्यंत अचूक ठरली होती. आणखी प्रश्न कोणी विचारला नाही.

बाहेर येऊन मी बाकावर, उशीवर बसले. सासूबाईंनी कॉरिडॉरमध्येच काखेत थर्मामीटर लावला. ३७.१.

"गेली," मी म्हणाले.

"काय गेली?"

"नोकरी. मी सांगून टाकलं."

"ते नंतर बघू. सदतीसच्या वर आहे." त्यांनी मला खीर पाजली, कान बांधले आणि पहिल्यांदाच खर्चाचा विचार न करता टॅक्सी थांबवली. घरी नवरा मुलीला छातीवर घेऊन जमिनीवर पडला होता. दोघांपैकी कोण अधिक दमले होते हे सांगता येत नव्हते. संध्याकाळी ३६.९ झाला. तेव्हा कुठे त्या स्वतः जेवायला बसल्या.

तीस तारखेला कपड्यांच्या काठीवर गुढी उभी राहिली. कडुनिंबाऐवजी सुपरमार्केटमधले कारले कापून गुळाबरोबर वाटले गेले, कारण सासूबाईंच्या मते नियम पानाचा नव्हता, कडूचा होता. खालच्या मजल्यावरच्या आजींनी वर पाहून काळजीने विचारले की काही उडून अडकले आहे का.

ईमेल दहा एप्रिलला, दुपारी आला. सव्वा महिना पुरा व्हायला एक दिवस उरला होता. मी तो आधी स्वतः वाचला, मग भाषांतर करून सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. निवड झाली होती.

"पुन्हा वाच. नेमणूक कधीपासून?"

"एक ऑक्टोबर."

"साल?"

"हेच."

"मागच्या तारखेची नाही ना?"

"नाही, आई. पुढच्या."

त्या खुर्चीत बसल्या. मग उठल्या, गॅस बंद आहे ना ते पाहिले, पुन्हा बसल्या. पदराने कपाळ टिपले. "इतके दिवस काही झालं नाही," त्या म्हणाल्या, "आणि आत्ता मलाच कणकण वाटायला लागली बघ."

मी थर्मामीटर आणला. त्या नको नको म्हणत राहिल्या आणि हात मात्र वर केला. तो वाजला. मग मी वाचला, त्यांना दाखवला, आणि रोजच्या जागी, त्याच रकान्यात, माझ्या आकड्यांच्या खाली लिहिला.

३६.४